दीर्घ पल्ल्याचे सायकल विक्रम आणि बातमीची साक्ष

बहुतेक खेळांत विक्रम आधी घडतो आणि त्याची बातमी मागाहून येते. मैदान मोजलेले असते, पंच नेमलेले असतात आणि वार्ताहर प्रेक्षकांमध्ये बसून जे दिसले ते लिहितो. दीर्घ पल्ल्याच्या सायकल विक्रमांना, म्हणजे एखादा देश, खंड किंवा पृथ्वीप्रदक्षिणा कमीत कमी वेळात पूर्ण करण्याच्या किंवा ठरावीक काळात जास्तीत जास्त अंतर कापण्याच्या प्रयत्नांना, ही सोय उपलब्ध नसते. येथे मैदान हजारो किलोमीटरांचे असते, प्रेक्षक जवळजवळ नसतातच आणि स्वार बहुतेक वेळ एकटा, अनेकदा रात्री, परमुलखातल्या रस्त्यावर असतो. त्यामुळे ‘हे अंतर कापले’ या दाव्यामागे ‘ते कोणी पाहिले’ हा प्रश्न सतत उभा असतो. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी वृत्तपत्रे आणि नियतकालिके जवळजवळ सुरुवातीपासून पुढे आली. त्यांनी शर्यती भरवल्या, स्वारांना पैसे दिले, अंतराच्या नोंदी ठेवल्या आणि प्रसंगी निवाडेही केले. म्हणूनच या वार्तांकनाचे मूल्यमापन करताना बातमी रंजक होती की नाही यापेक्षा साक्षीदार म्हणून ती किती भरवशाची होती हे पाहणे अधिक उचित ठरते.

या परंपरेचा आरंभ थॉमस स्टीव्हन्स यांच्यापासून धरता येतो. २२ एप्रिल १८८४ रोजी ते सॅन फ्रान्सिस्कोहून, पुढचे चाक प्रचंड आणि मागचे अगदी लहान असलेल्या उंच सायकलीवरून निघाले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बॉस्टनला पोहोचले. पुढच्या प्रवासासाठी ‘आउटिंग’ या मासिकाने त्यांना आपला खास बातमीदार नेमले आणि युरोप, तुर्कस्तान, इराण करत, हिंदुस्थानात लाहोरहून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने येऊन, डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामा येथे त्यांनी प्रवास संपवला. त्यांची सायकल अल्बर्ट पोप यांच्या कोलंबिया बनावटीची होती आणि पोप यांनीच काढलेले ‘द व्हीलमन’ हे मासिक ‘आउटिंग’मध्ये विलीन झालेले होते. सायकल विकणारा, प्रवास करणारा आणि प्रवासाची हकीकत छापणारा यांचे हितसंबंध पहिल्याच प्रदक्षिणेत असे एकत्र आले होते. स्टीव्हन्स यांच्या कथनाची किंमत त्यामुळे कमी होत नाही. ते उत्तम निरीक्षक होते. परंतु त्यांच्या प्रवासाचा मुख्य साक्षीदार त्यांचे स्वतःचे लेखन होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

या व्यवस्थेचा सैलपणा दहा वर्षांनी अ‍ॅनी लंडनडेरी यांच्या प्रवासात उघड झाला. मूळ नाव अ‍ॅनी कोहेन कॉपचॉव्हस्की असलेल्या या विवाहित स्त्रीने १८९४ मध्ये बॉस्टनहून प्रस्थान ठेवले, लंडनडेरी नावाच्या खनिजजल कंपनीकडून शंभर डॉलर घेऊन कंपनीचे नावच धारण केले आणि अंगावर व सायकलीवर जाहिराती मिरवत सुमारे पंधरा महिन्यांत परतल्या. या प्रवासाचा मोठा भाग आगबोटीने झाला होता. तरीही हिंदुस्थानात वाघाची शिकार केली, चीन-जपान युद्धात जखमी झाले, अशा कथा त्यांनी गावोगावच्या वार्ताहरांना सांगितल्या; एकीचा दुसरीशी मेळ बसत नव्हता, पण प्रत्येक पत्राने आपल्या वाट्याची कथा छापली आणि शेवटी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ने त्यांचे स्वतःचे निवेदन ठळकपणे प्रसिद्ध केले. बाईंना दोष देणे सोपे आहे. वस्तुतः एका पत्राने दुसऱ्या पत्राचा अंक उघडून पाहिला असता, तरी विसंगती सापडली असती. याच सुमारास ‘आउटिंग’चाच दुसरा बातमीदार-स्वार फ्रँक लेन्झ १८९४ मध्ये तुर्कस्तानात एर्झुरुमच्या परिसरात बेपत्ता झाला आणि मासिकाला त्याच्या शोधासाठी विल्यम साख्टलेबेन या दुसऱ्या सायकलपटूला पाठवावे लागले. साहस विकत घेणाऱ्या प्रकाशकावर साहसाची जबाबदारीही येते, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

फ्रान्समध्ये वृत्तपत्रांनी एक पाऊल पुढे टाकले. ‘ल पती झुर्नाल’चे पिएर जिफार यांनी १८९१ मध्ये पॅरिसहून ब्रेस्टपर्यंत आणि परत अशी सुमारे १,२०० किलोमीटरांची शर्यत भरवली. स्वाराने वाटेत सायकल बदलू नये म्हणून सायकलींना मोहरा लावल्या गेल्या, टप्प्याटप्प्यावर नोंदीची ठाणी ठेवली गेली आणि शार्ल तेरों यांनी ७१ तास २२ मिनिटांत, झोप न घेता, ती जिंकली. पत्राच्या खपाला आलेला जोर इतरांनी हेरला. १९०३ मध्ये जिफार यांच्याच ‘ल व्हेलो’ या पत्राला शह देण्यासाठी आंरी देग्रांज यांच्या ‘लोतो’ने तूर द फ्रान्स सुरू केली, ‘लोतो’चा रोजचा खप सुमारे २५,००० वरून ६५,००० वर गेला आणि पुढच्या वर्षी ‘ल व्हेलो’ बंद पडले. लगेच दुसऱ्याच तूरमध्ये, १९०४ साली, फसवणुकीचे आरोप इतके झाले की पहिल्या चारही स्वारांना बाद करावे लागले. हा निर्णय मात्र पत्राने घेतला नाही, फ्रेंच सायकल संघटनेने घेतला. आयोजकानेच वार्तांकन करावे आणि त्यानेच न्यायही करावा ही व्यवस्था टिकणारी नव्हती, याचा हा पहिला पुरावा म्हणावा लागेल.

ब्रिटनमधील परिस्थिती याच्या नेमकी उलट आणि म्हणून अधिक उद्बोधक आहे. तेथे रस्त्यावरील विक्रमांची छाननी करण्यासाठी १८८८ मध्ये रोड रेकॉर्ड्‌स असोसिएशन स्थापन झाली. रस्त्यावरच्या शर्यतींमुळे पोलिसांचा आणि घोडागाडीवाल्यांचा रोष ओढवेल या भीतीने राष्ट्रीय संघटनेने अशा शर्यतींना मज्जाव केला, तेव्हा एफ. टी. बिडलेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक स्वार ठरावीक अंतराने सोडून केवळ घड्याळाशी स्पर्धा करण्याचा प्रकार रूढ केला. पहाटेची वेळ, गडद रंगाचे साधे कपडे आणि मार्गांना सांकेतिक नावे, असा त्याचा थाट होता. कार्यक्रम आधी प्रसिद्ध न करण्याचा दंडक सायकलविषयक पत्रेही पाळत असत. ज्या खेळाला फ्रान्समध्ये पत्रांनी जन्म दिला तो खेळ ब्रिटनमध्ये पत्रांपासून लपून वाढला. या गुप्ततेचा एक अनपेक्षित लाभ असा झाला की प्रसिद्धीचा मोह बाजूला राहिला आणि तपासनीस, वेळनोंदणी व कागदपत्रे यांची शिस्त निर्माण झाली. ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकापासून ईशान्य टोकापर्यंतच्या, लँड्स एंड ते जॉन ओ’ग्रोट्स या मार्गावर जी. पी. मिल्स यांनी १८८६ मध्ये उंच सायकलीवरून नोंदवलेले ५ दिवस १ तास ४५ मिनिटे आणि मायकेल ब्रॉडविथ यांनी २०१८ मध्ये नोंदवलेले ४३ तास २५ मिनिटे १३ सेकंद यांची तुलना करता येते, ती या शिस्तीमुळेच.

तरीही वर्षभरातील सर्वाधिक अंतराचा विक्रम ही एका ब्रिटिश साप्ताहिकाचीच निर्मिती आहे. ‘सायकलिंग’ने १९११ मध्ये यासाठी स्पर्धा जाहीर केली आणि मार्सेल प्लेन्स यांनी त्या वर्षी ३४,३६६ मैल भरले. स्वाराने जागोजागी भेटणाऱ्या लोकांच्या सह्या कार्डांवर घ्यायच्या, ती साप्ताहिकाकडे पाठवायची आणि साप्ताहिकाने बेरीज ठेवायची, अशी पद्धत होती. मंदीच्या काळात सायकल कारखानदारांना या आकड्यांचे जाहिरातमूल्य उमगले आणि १९३०च्या दशकात चढाओढ लागली. १९३६ मध्ये एका हाताने सायकल चालवणाऱ्या वॉल्टर ग्रीव्ह्ज यांनी ४५,३८३ मैल केले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या ऑसी निकोल्सन यांनी ६२,६५७ मैलांपर्यंत मजल मारली. १९३८ मध्ये बिली डोव्ही यांनी स्त्रियांसाठी पहिली नोंद २९,६०३ मैलांची केली आणि दिवसभर सायकल चालवून संध्याकाळी व्यायामाचे महत्त्व सांगणारी व्याख्यानेही दिली. या मालिकेचा कळस टॉमी गॉडविन यांनी गाठला. १९३९ च्या ३६५ दिवसांत त्यांनी ७५,०६५ मैल, म्हणजे सुमारे १,२०,८०० किलोमीटर कापले. दिवसाची सरासरी ३३० किलोमीटरांच्या आसपास येते. वर्षाच्या उत्तरार्धात युद्ध पेटले, दिवेबंदीमुळे सायकलीचा दिवा झाकून अंधारात मैल भरावे लागले आणि वृत्तपत्रांची पाने साहजिकच दुसऱ्या बातम्यांनी व्यापली. गॉडविन थांबले नाहीत. मे १९४० मध्ये ५०० दिवसांत एक लाख मैल पुरे करूनच ते उतरले. परंतु कारखान्याच्या पैशावर सायकल चालवल्यामुळे ते व्यावसायिक ठरले आणि हौशी स्पर्धांचे दरवाजे त्यांना कायमचे बंद झाले. बातमीने ज्यांना मोठे केले त्यांच्यापैकी फार थोड्यांची इतकी उपेक्षा झाली असेल.

या विक्रमाला पंचाहत्तर वर्षांनी पुन्हा हात घातला गेला तेव्हा सह्यांच्या कार्डांची जागा उपग्रहाधारित जीपीएस नोंदींनी घेतली होती. २०१५ च्या आरंभी निघालेल्या ब्रिटनच्या स्टीव्ह अ‍ॅब्राहम यांना मार्चमध्ये एका मोपेडस्वाराने धडक दिली आणि पाय मोडला. अमेरिकेच्या कर्ट सीअरव्होगेल यांनी जानेवारी २०१६ मध्ये ७६,०७६ मैलांवर वर्ष संपवले. मे २०१७ मध्ये अमांडा कोकर यांनी ८६,५७३ मैलांची नोंद करून स्त्री आणि पुरुष दोन्ही गटांतील आकडे मागे टाकले. कोकर यांचा बराचसा प्रवास फ्लोरिडातील एका उद्यानातील सुमारे सात मैलांच्या सपाट, वाहनमुक्त फेरीवर झाला. गॉडविन यांच्या वजनदार सायकलीशी, ब्रिटिश हिवाळ्याशी आणि दिवेबंदीशी या आकड्याची तुलना करावी का, याची चर्चा सायकलपटूंमध्ये झाली. सर्वसाधारण वृत्तपत्रांत ती क्वचितच पोहोचली. तेथे एक आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे एवढेच छापले गेले. कोकर यांनी नियमांच्या चौकटीतच सर्व काही केले होते आणि इतके तास दररोज बसून राहण्याची त्यांची क्षमता वादातीत आहे. अपुरी होती ती बातमी.

दूरचित्रवाणीचा अध्याय त्या मानाने आटोपशीर आहे. १९८२ मध्ये जॉन मरिनो यांच्या पुढाकाराने चार स्वार सांता मोनिकाच्या धक्क्यावरून न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगकडे निघाले; लॉन हॉल्डमन ९ दिवस २० तासांत पहिले आले आणि एबीसी वाहिनीने हा सोहळा अमेरिकेला दाखवला. हीच पुढे ‘रेस अक्रॉस अमेरिका’, म्हणजे ‘रॅम’, झाली. चार-पाच हजार किलोमीटरांचे सायकल चालवणे पडद्यावर कंटाळवाणे दिसते, हे वाहिनीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. परिणामी कॅमेरा निद्रानाश, भास, अश्रू आणि मान उचलून न धरता येण्याची ‘शर्मर्स नेक’ ही व्याधी यांच्याकडे वळला. ज्यांच्या नावाने ही व्याधी ओळखली जाते ते मायकेल शर्मर पहिल्या चौघांपैकी एक. १९८३ च्या शर्यतीत झोपेअभावी त्यांना आपले मदतनीसच परग्रहावरून आलेले वाटू लागले होते. पुढे अंधश्रद्धांची चिकित्सा करणाऱ्या ‘स्केप्टिक’ या नियतकालिकाचे ते संपादक झाले आणि परग्रहवासीयांनी पळवून नेल्याच्या कथांचा उलगडा करताना त्यांनी हाच अनुभव पुराव्यादाखल मांडला. पाच वेळा ‘रॅम’ जिंकणारे स्लोव्हेनियाचे युरे रोबिच यांच्याविषयी अमेरिकी पत्रांनी जे लिहिले त्यातही त्यांच्या गतीपेक्षा त्यांच्या भ्रमिष्टपणाचे वर्णन अधिक भरते. यातना दाखवणे सोपे, कौशल्य दाखवणे कठीण. वेगाचे नियोजन, आहार, वाऱ्याचा अंदाज आणि झोपेचा हिशेब यांवर विक्रम उभा राहतो, पण त्याचे चित्र काढता येत नाही.

नियमांकडे दुर्लक्ष करण्याची सवय सर्वांत महागात पडते ती पृथ्वीप्रदक्षिणेच्या बातम्यांत. गिनीज वर्ल्ड रेकॉर्ड्‌सच्या नियमांप्रमाणे स्वाराने किमान १८,००० मैल, म्हणजे सुमारे २८,९७० किलोमीटर, सायकल चालवावी लागते, एकूण प्रवास विषुववृत्ताच्या लांबीपेक्षा कमी असता कामा नये, दिशा एकच ठेवावी लागते आणि पृथ्वीच्या गोलावर परस्परांच्या बरोबर विरुद्ध असलेल्या दोन बिंदूंजवळून जावे लागते. पूर्वी विमान आणि बोटीचा वेळ घड्याळातून वगळण्याची मुभा होती; नंतर घड्याळ सुरुवातीपासून शेवटापर्यंत अखंड चालू ठेवण्याचा नियम झाला. याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. २०१२ मध्ये माइक हॉल यांचा वेळ ९१ दिवस १८ तास असा प्रसिद्ध झाला, त्यात विमानप्रवास धरलेला नव्हता. २०१५ मध्ये अँड्र्यू निकोल्सन यांनी १२३ दिवसांत, सगळा वेळ धरून, नवा विक्रम केला. घड्याळाचा नियम न सांगता या दोन बातम्या शेजारी ठेवल्या तर सुमारे एकतीस दिवस अधिक घेणारा स्वार विक्रमवीर कसा ठरला, हे वाचकाला कळणे अशक्य आहे.

दुसरा प्रश्न साहाय्याचा. मार्क ब्यूमाँट यांनी २००८ मध्ये १९४ दिवस १७ तासांत प्रदक्षिणा केली, तेव्हा ते स्वतःच आपले चित्रण करत होते आणि त्यावर बीबीसीने मालिका केली. २०१७ मध्ये त्यांनी पॅरिसहून निघून ७८ दिवस १४ तास ४० मिनिटांत तीच प्रदक्षिणा पुरी केली. या वेळी प्रायोजक, मोटारघर, फिजिओथेरपिस्ट आणि व्यवस्थापक यांचा ताफा बरोबर होता. पुढच्या वर्षी जेनी ग्रॅहम यांनी १२४ दिवस ११ तासांत स्त्रियांचा विक्रम केला तो सामान स्वतः वाहून, एकटीने. गिनीजच्या यादीत साहाय्यासह आणि विनासाहाय्य असा भेद केला जात नाही आणि बातमीदार गिनीजच्या यादीपलीकडे सहसा पाहत नाहीत. त्यामुळे या दोन अगदी भिन्न कामगिरी केवळ स्त्री-पुरुष फरकाच्या रूपात वाचकांपुढे आल्या. प्रायोजकांच्या भाषेला कंटाळून याच प्रदक्षिणेला निघालेले ज्युलियन सायारर यांनी आपल्या पुस्तकात या व्यापारीकरणावर कठोर टीका केली. ती काहीशी एकांगी असली, तरी वृत्तपत्रांनी जो प्रश्न विचारायचा तो एका स्वाराला विचारावा लागला, हे लक्षणीय आहे.

घड्याळ आणि साहाय्य यांपेक्षाही अवघड प्रश्न २०१४ मध्ये इटलीच्या पाओला जानोत्ती यांच्या प्रवासाने उभा केला. अमेरिकेत अपघात होऊन मणक्याला इजा झाल्यावर त्यांचे घड्याळ थांबवले गेले, सुमारे चार महिन्यांनी त्या पुन्हा निघाल्या आणि १४४ दिवसांचा वेळ मान्य झाला. २०१२ मध्ये १५२ दिवसांत प्रदक्षिणा करणाऱ्या युलियाना बुरिंग यांचा विक्रम त्यामुळे मोडला. मधल्या विश्रांतीचा लाभ मोजायचा कसा, हा वाद जाणकारांमध्ये बराच काळ चालला आणि ग्रॅहम यांनी वीस दिवसांच्या फरकाने नवा आकडा मांडल्यावरच निरर्थक झाला. २०२४ मध्ये लेल विल्कॉक्स यांनी शिकागोहून निघून १०८ दिवस १२ तास १२ मिनिटांत प्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांनी मार्ग आधीच जाहीर करून वाटेतल्या सायकलस्वारांना सोबत येण्याचे आमंत्रण दिले. दुसऱ्या सायकलीच्या मागे राहून वाऱ्याचा अडथळा चुकवण्याला ‘ड्राफ्टिंग’ म्हणतात. सोबतीमुळे ते घडत नाही ना, अशी शंका काहींनी घेतली. पण हा प्रवास रोजच्या रोज ध्वनिमुद्रित स्वरूपात आणि छायाचित्रांतून सर्वांसमोर मांडला जात असल्याने शंका घेणाऱ्यालाही पुरावा तेथेच सापडत होता. अ‍ॅनी लंडनडेरी यांच्या तुलनेत ही प्रगती निर्विवाद आहे.

हा पुरावा शक्य झाला तो उपग्रहाशी जोडलेल्या छोट्या यंत्रामुळे. स्वाराच्या सायकलीवरचे यंत्र दर काही मिनिटांनी आपले स्थान कळवते, नकाशावर एक ठिपका सरकतो आणि जगभरातील हौशी लोक तो पाहत बसतात. या छंदाला ‘डॉट-वॉचिंग’ असे नाव पडले आहे. माइक हॉल यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ट्रान्सकॉन्टिनेन्टल या युरोपभरच्या विनासाहाय्य शर्यतीने तो रुजवला. साक्षीदाराची जागा त्यामुळे प्रथमच वृत्तपत्रांकडून सामान्य प्रेक्षकांकडे गेली. त्याची दुसरी बाजूही हॉल यांच्याच वाट्याला आली. ३१ मार्च २०१७ रोजी फ्रीमँटल ते सिडनी या शर्यतीत कॅनबेराजवळ पहाटे मोटारीच्या धडकेत त्यांचा मृत्यू झाला आणि शर्यत थांबवण्यात आली. ठिपका थांबला की स्वार झोपला, पंक्चर झाले की अपघात झाला, हे पाहणाऱ्याला कळत नाही; बातमी कुटुंबाआधी अनोळखी माणसांपर्यंत अर्धवट स्वरूपात पोहोचू शकते. अपघातांच्या वार्तांकनासाठी पत्रकारितेत काही संकेत तरी आहेत, ठिपका पाहणाऱ्यांसाठी ते अजून घडायचे आहेत.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जुना आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर प्रवास करून मार्च १९२८ मध्ये परतले. त्यांनी घड्याळाशी स्पर्धा केली नव्हती, कदाचित म्हणूनच विक्रमांच्या याद्यांत त्यांना स्थान मिळाले नाही आणि त्यांची स्मृती मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या १९३१ च्या इंग्रजी पुस्तकाने टिकवली. अलीकडच्या काळात नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत ‘रॅम’ पूर्ण केली. २०१७ मध्ये त्या वेळी नाशिकला असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी एकट्याने ती पुरी केली. पहिल्यांचा वेळ ११ दिवस १८ तास ४५ मिनिटे आणि दुसऱ्यांचा ११ दिवस २१ तास ११ मिनिटे. बारा दिवसांच्या मुदतीत, सुमारे ४,८०० किलोमीटरांच्या अंतरात, अडीच तासांचा फरक नगण्य आहे. तरी ‘पहिले भारतीय’ हा किताब एकालाच मिळतो आणि मथळाही त्यालाच.

‘पहिला’, ‘सर्वांत तरुण’, ‘सर्वांत वेगवान आशियाई’ या बिरुदांवर मराठी वृत्तपत्रांचा भर विशेष आहे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थहून निघून १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर कापले आणि डिसेंबरात कोलकात्याला अंतराचा अखेरचा टप्पा पुरा केला, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने झालेली लूट, रशियातील बर्फ, बहुतांश एकटीने केलेला प्रवास हे सारे बातम्यांत आले. त्याच वर्षी जेनी ग्रॅहम यांनी १२४ दिवसांत विक्रम केला होता आणि त्याच्याशी या प्रवासाचे नाते काय, हे मात्र वाचकाला शोधावे लागले. ही तुलना वेदांगींना कमीपणा आणणारी नव्हती. उलट विसाव्या वर्षी, एवढ्या अडचणींतून, जगातील उत्तम स्वारांच्या किती जवळ जाता येते हे तिच्यातूनच स्पष्ट झाले असते. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिससारख्या ‘ब्रेव्हे’ प्रकारातल्या प्रवासांचीही अशीच गत होते. ठरावीक मुदतीत कार्डावर शिक्के घेत अंतर पुरे करणे एवढेच त्यात अपेक्षित असते, क्रमांक काढले जात नाहीत; तरी गावाकडच्या बातमीत स्वार ती ‘जिंकून’ परततो आणि सत्कारसमारंभात तोच शब्द पुन्हा उच्चारला जातो.

याला साधनांची कमतरता हे कारण आता देता येणार नाही. मार्गाची जीपीएस नोंद, घड्याळाचा नियम, बरोबरच्या वाहनांची संख्या आणि दावा तपासणाऱ्या संस्थेचे नाव हे सारे स्वाराकडेच असते आणि तो ते आनंदाने देतो. पुण्याच्या प्रीती मस्के यांनी जून २०२२ मध्ये लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरांचे अंतर ५५ तास १३ मिनिटांत कापले. या एका वाक्यात अंतर आणि वेळ आहे. त्यात खिंडींची उंची, साहाय्याचे स्वरूप आणि आधीचा वेळ यांची भर घालायला बातमीच्या आणखी दोन ओळी लागतात. क्रीडासंपादकांनी त्या दोन ओळींची जागा सत्काराच्या छायाचित्रातून काढून द्यावी.